चिनी कलेंतील वाघ आणि अर्थ सांगणारांची घाई

चीनच्या प्राचीन कलेविषयीं थोडेंफार वाचलेल्या कोणाही गृहस्थास तींतील वाघाचा अर्थ विचारावा. उत्तर त्याच्या जिभेवर तयार असतें. वाघ म्हणजे पश्चिम दिशा, वाघ म्हणजे शरदृतु, वाघ म्हणजे पंचतत्त्वांतील धातु, वाघ म्हणजे शौर्य, आणि दारावर काढलेला वाघ म्हणजे भुताखेतांपासून रक्षण. हेंच उत्तर कलेवरील सचित्र ग्रंथांत सांपडतें, वस्तुसंग्रहालयांतील कांचेखालच्या चिठ्ठींत सांपडतें, आणि लिलांवाच्या जाहिरातींतही सांपडतें. कांशाचें पात्र असो, जेडचें पदक असो कीं थडग्यांतली लाकडी पेटी असो. कोश उघडावा, वाघापुढें लिहिलेला अर्थ उतरून घ्यावा आणि मोकळें व्हावें. ह्या सोयीच्या पद्धतीविरुद्ध आमची तक्रार आहे. हें उत्तर खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें एका विशिष्ट काळाचें उत्तर आहे, आणि त्या काळापूर्वींच्या हजारों वर्षांवर तें लादणें हा ज्ञानाच्या क्षेत्रांतला अन्याय आहे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

प्रथम, हें उत्तर आलें कोठून तें पाहूं. लांकूड, अग्नि, माती, धातु आणि पाणी ह्या पांच तत्त्वांशीं दिशा, ऋतु, रंग व प्राणी यांची सांगड घालून विश्वाचें एक नीटनेटकें कोष्टक करण्याची हौस चीनांत इसवी सनापूर्वींच्या शेवटच्या तीन-चार शतकांत वाढली आणि हान घराण्याच्या अमदानींत, म्हणजे इ. स. पू. २०६ पासून इ. स. २२० पर्यंतच्या काळांत, ती पूर्णत्वास गेली. पूर्वेस निळा-हिरवा नाग, दक्षिणेस तांबडा पक्षी, उत्तरेस कासव व सर्प, आणि पश्चिमेस पांढरा वाघ. हान काळच्या छपरांच्या कौलांवर, आरशांवर आणि थडग्यांच्या भिंतींवर हे चौघे वारंवार येतात, आणि तेथें त्यांचा अर्थ कोष्टकाप्रमाणें लावण्यास कोणाचीही हरकत नसावी. दारावरच्या वाघाचेंही तसेंच. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील यिंग शाओ नांवाच्या ग्रंथकारानें आपल्या काळच्या लोकरूढींची जी नोंद केली, तींत दोन द्वारपाल दुष्ट भुतांना वेताच्या दोरानें बांधून वाघापुढें टाकीत, ही कथा दिली आहे, आणि म्हणून लोक दारावर वाघ रंगवितात असें स्पष्ट सांगितलें आहे. जेथें त्या काळचा माणूस स्वतःच्या तोंडानें अर्थ सांगतो, तेथें आपण मान लववावी, हेंच उचित.

किंबहुना वस्तु स्वतःच आपला अर्थ सांगते, अशींही उदाहरणें आहेत. छिन राज्यांतील एक कांशाचा वाघ १९७० च्या दशकांत शीआन शहराजवळ सांपडला. लांबी जेमतेम बोटभर, आणि अंगावर सोन्यानें भरलेलीं ४० अक्षरें. तो वाघाचा डावा अर्धा भाग होय. उजवा अर्धा राजाजवळ, डावा तू नांवाच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याजवळ. ५० किंवा त्याहून अधिक शिपाई हलवावयाचे असतील तर दोन्ही अर्धे जुळले पाहिजेत. मात्र शत्रु आल्याचा जाळ पेटला असेल, तर जुळणीची वाट पाहूं नये, असा आशय त्या अक्षरांत आहे. इ. स. पू. चौथ्या शतकांतल्या ह्या वाघाला पश्चिम दिशेशीं किंवा शरदृतूशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तो राजाचा हुकूम आहे. असाच अर्धा वाघ राजाच्या शयनगृहांतून चोरवून वै राज्याच्या राजपुत्रानें इ. स. पू. २५७ मध्यें चाओ राज्याच्या मदतीस सैन्य नेलें, ही कथा चिनी इतिहासांत प्रसिद्ध आहे. कोशांतला अर्थ धरून बसणाराला ह्या वाघाचें काय करावें तें सुचणार नाहीं.

परंतु खरी अनवस्था ह्याहून मागें गेल्यावर सुरू होते. चीनमधील कांस्यकलेचा बहर शांग घराण्याच्या काळांत, इ. स. पू. १२०० च्या सुमारास आला. ह्या काळच्या पात्रांवर पशूंचीं मुखें, शिंगें, नखें व डोळे यांची अशी दाटी असते कीं, पाहणारा दबून जातो. शांग राजे कासवाच्या कवचांवर व गुराच्या खांद्याच्या हाडांवर प्रश्न कोरून देवांस व पितरांस कौल लावीत, आणि असे हजारों तुकडे आज उपलब्ध आहेत. त्यांत पाऊसपाण्याविषयीं प्रश्न आहेत, लढाईविषयीं आहेत, राणीच्या बाळंतपणाविषयीं आहेत, शिकारीविषयीं आहेत. पात्रांवर हे पशु कां काढले, याविषयीं मात्र तेथें एकही वाक्य नाहीं. वाघ तेथें येतो तो शिकारींतला वाघ म्हणून येतो. टोरोंटोच्या रॉयल ऑंटॅरिओ म्युझियममध्यें वाघाच्या पुढच्या पायाचें एक हाड आहे. त्यावर नक्षी कोरून पिरोजा जडविला आहे, आणि शेवटच्या शांग राजानें शिकारींत मोठा वाघ मिळविल्याची हकीकत तारखेनिशीं लिहिली आहे. त्या दरबाराला वाघ ठाऊक होता तो असा, रक्तामांसाचा.

ह्या मौनाची पोकळी नंतरच्या पंडितांनीं कशी भरून काढली, याचे दोन नमुने देतों. पात्रांवरील त्या पशुमुखाला सर्व जगांत 'थाव-थिए' म्हणजे 'खादाड राक्षस' असें नांव पडलें आहे. हें नांव पात्रांच्या संदर्भांत प्रथम भेटतें तें इ. स. पू. २३९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या एका ग्रंथांत. म्हणजे शांग वैभवानंतर जवळजवळ एक हजार वर्षांनीं. शिवाय तो ग्रंथकार बोलतो तें चौ घराण्याच्या पात्रांविषयीं, आणि तेंही लोभाचा परिणाम वाईट होतो हा उपदेश करण्यासाठीं. पुढें सुंग काळांतल्या, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांतल्या, संग्राहकांनीं तेंच नांव शांग पात्रांस चिकटविलें, आणि आज तें इतकें रुळलें आहे कीं, नांव हाच पुरावा समजून लोक 'खादाडपणा'चें तत्त्वज्ञान सांगत सुटतात. दुसरा नमुना जेडचा. हान काळीं प्रसिद्धीस आलेल्या 'चौ-ली' या विधिग्रंथांत पश्चिमेची पूजा 'हू' नांवाच्या पांढऱ्या जेडनें करावी असें सांगितलें आहे, आणि 'हू' म्हणजे वाघाच्या आकाराचें जेड असा अर्थ घेण्याची चाल आहे. वू ताछंग या चिनी संग्राहकानें १८८९ मध्यें आणि त्याच्या मागोमाग बर्थोल्ड लाउफर या विद्वानानें १९१२ मध्यें हाती आलेल्या जुन्या जेडवस्तूंवर ह्या ग्रंथांतलीं नांवें बसविलीं. दोघेही मोठे व्यासंगी. पण त्यांच्यापुढें होत्या त्या बाजारांतून आलेल्या वस्तु, उत्खननांतल्या नव्हेत. श्या नाय या पुराणवस्तुसंशोधकानें १९८० च्या दशकांत ह्या पद्धतीवर कठोर टीका केली. वाघाच्या आकाराच्या जेडला भोंक असेल तर तें अंगावर लटकविण्याचें पदक म्हणावें. विधिग्रंथांतला मंत्र त्यावर म्हणूं नये, असें त्याचें सांगणें. इतकें साधें सत्य सांगण्यास एवढीं वर्षें लागावीं, यावरून कोशाचा दरारा केवढा असतो तें दिसून येतें.

आतां ह्या वादांतल्या सर्वांत प्रसिद्ध वाघाकडे वळूं. पॅरिसच्या चेर्नुस्की संग्रहालयांत सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीचें एक कांशाचें मद्यपात्र आहे, आणि त्याचें जुळें भावंड जपानांत क्योटो येथें सुमितोमो घराण्याच्या संग्रहांत आहे. मागल्या पायांवर व शेपटीवर वाघ बसला आहे. पुढच्या पंजांनीं त्यानें एका माणसाला पोटाशीं धरलें आहे. माणसाचें डोकें त्या उघड्या जबड्याखालीं आहे, आणि माणसाचे हात वाघाला बिलगले आहेत. माणसाची मान वळलेली आहे. तोंडावर भीतीची रेषाही नाहीं. ह्या एका मूर्तीवर जेवढी शाई सांडली आहे, तेवढें मद्य त्या पात्रांत कधीं मावलें नसेल!

पहिला पक्ष म्हणतो, वाघ माणसाला खात आहे. हा बळी होय. दुसरा पक्ष म्हणतो, ही वाघीण लेंकराला पाजते आहे. छू राज्याच्या एका प्रधानाला लहानपणीं रानांत टाकून दिलें असतां वाघिणीनें दूध पाजून वांचविलें, अशी दंतकथा आहेच. तिसरा पक्ष हार्वर्ड विद्यापीठांतले थोर संशोधक के. सी. चांग यांचा. त्यांनीं १९८३ मध्यें असें मांडलें कीं, हा माणूस म्हणजे देवऋषी, वाघ हा त्याचा सहायक पशु, आणि उघडा जबडा म्हणजे ह्या लोकांतून परलोकांत जाण्याचें दार. तिन्ही अर्थ ऐकावयास गोड आहेत. पण ते आले कोठून? पहिला अर्थ पाहणाराच्या अंगावरच्या कांट्यांतून आला. दुसरा इ. स. पू. सातव्या शतकांतल्या पुरुषाच्या कथेंतून आला, आणि ती कथा लिहिली गेली त्यानंतरही पुष्कळ वर्षांनीं. तिसऱ्या अर्थाला सैबेरियांतील व अमेरिकेंतील अर्वाचीन जमातींच्या देवऋषींचा आधार घ्यावा लागला. पात्राच्या पोटांतून मात्र ह्यांपैकीं एकही निघाला नाहीं.

ह्या गोंधळाला कंटाळून माक्स लेर यांच्यासारखा मर्मज्ञ दुसऱ्या टोंकाला गेला. ही नक्षी आधीं निव्वळ रेषांची होती, रेषांतून पुढें पशु उमलले, म्हणून ह्या पशूंना अर्थच नाहीं. आकार हाच त्यांचा अर्थ, असें मत त्यांनीं १९६८ मध्यें मांडलें. नक्षीच्या क्रमाविषयींचा त्यांचा अंदाज उत्खननांनीं खरा ठरविला, हें मान्य करून आम्ही म्हणतों कीं, हा निष्कर्षही घाईचाच आहे. नक्षी कशी वाढली हें कळल्यानें, ती पाहणाऱ्याच्या मनांत काय उभें राहत होतें याचा निकाल लागत नाहीं. एक पक्ष वाटेल तो अर्थ भरतो आणि दुसरा भांडें उपडें करून रिकामें असल्याचें सांगतो. वस्तु मातींत कोठें, कोणाजवळ, कशाच्या सोबतीनें पडली होती, हें दोघांपैकीं कोणीही विचारीत नाहीं.

हा प्रश्न विचारला म्हणजे काय हाती लागतें, तें आन्यांग येथें पाहावें. तेथें १९७६ मध्यें फू हाओ या शांग राणीची कबर अगदीं अक्षत सांपडली. कांशाच्या ४६८ व जेडच्या ७५५ वस्तु एकट्या त्या खड्ड्यांत होत्या. त्यांत सुमारे नऊ किलो वजनाची एक कुऱ्हाड आहे. तिच्यावर दोन वाघ समोरासमोर उभे असून त्यांच्या उघड्या जबड्यांमध्यें माणसाचें डोकें आहे. ही राणी कोण होती, तें कौलाच्या हाडांवरून ठाऊक आहे: ती वू तिंग राजाची पत्नी, आणि १३,००० सैन्याची मोहीम तिच्या नांवावर आहे. कुऱ्हाड हें शिरच्छेदाचें हत्यार, आणि 'राजा' या अर्थाच्या चिनी अक्षराचें मूळ रूपही कुऱ्हाडीचेंच, असें पुष्कळ पंडित मानतात. आतां दुसरी वस्तु घ्या. आन्यांगच्याच राजदफनभूमींत १९३९ मध्यें खेडुतांना ८३२ किलोंहून अधिक वजनाचें एक चौपायी पात्र सांपडलें. जपानी सैन्याच्या हाती लागूं नये म्हणून त्यांनीं तें पुन्हा पुरलें, आणि १९४६ मध्यें तें वर काढण्यांत आलें. प्राचीन चीनचें इतकें जड कांस्यपात्र दुसरें सांपडलेलें नाहीं. राजमातेच्या नांवानें ओतलेल्या ह्या पात्राच्या कानांवर तेंच चित्र आहे: दोन वाघ, मध्यें माणसाचें डोकें. एकाच राजनगरांत, एकाच राजकुळाच्या दोन स्त्रियांच्या वस्तूंवर, एकीकडे हत्यारावर व दुसरीकडे पितरांच्या पात्रावर हें चित्र यावें, यावरून तें राजकुळाच्या सत्तेशीं निगडित होतें असें म्हणण्यास जागा आहे. हा अर्थ लहान आहे, पण तो मातींतून वर आला आहे.

प्रतिपक्षाजवळ एक हुकमाचें पान आहे, तेंही पाहूं. हेनान प्रांतांतील पुयांग येथें १९८७ मध्यें सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची एक कबर सांपडली. मृताच्या पूर्वेस शिंपल्यांनीं रचलेला नाग, आणि पश्चिमेस शिंपल्यांचाच वाघ! झालें, 'पश्चिमेचा पांढरा वाघ' सहा हजार वर्षांचा ठरला, असा जयघोष उठला. पण त्याच ठिकाणीं जवळच शिंपल्यांच्या आणखी दोन रचना निघाल्या आहेत. एकींत नाग व वाघ यांचीं अंगें एकमेकांस जोडलेलीं असून वाघाच्या पाठीवर हरिण आहे. दुसरींत नागावर माणूस बसला आहे. ह्या दोन रचनांचें नांव जयघोषांत कोणी घेत नाहीं, कारण त्या कोष्टकांत बसत नाहींत. नाग व वाघ आकाशाचे दोन अर्ध वाटून घेतात याचा निःसंशय पुरावा मिळतो तो त्सेंग राज्याच्या यी नांवाच्या अधिपतीच्या थडग्यांत. १९७८ मध्यें उघडलेल्या ह्या थडग्याचा काळ इ. स. पू. ४३३ च्या सुमाराचा. तेथील लाखेचा लेप दिलेल्या पेटीच्या झांकणावर २८ नक्षत्रांचीं नांवें लिहिलेलीं असून दोन बाजूंस नाग व वाघ आहेत. अभिजित् धरून २८ नक्षत्रें मोजणाऱ्या आमच्या वाचकांना ही पेटी परकी वाटूं नये. परंतु पुयांगची कबर आणि ही पेटी यांच्यामध्यें साडेतीन हजारांहून अधिक वर्षांचें अंतर आहे. दोन तीरांवर एकेक खांब उभा केल्यानें पूल बांधून होत नाहीं.

शिवाय ज्याला आपण आज 'चीन' म्हणतों, तो त्या काळीं एका मनाचा देश नव्हता. च्यांगशी प्रांतांत ताय्यांगचौ येथें १९८९ मध्यें सांपडलेल्या कबरींत पात्रांच्या कानांवर वाघ उभे आहेत, आणि सुमारे ५३ सेंटिमीटर लांबीचा दोन शेपट्यांचा एक वाघ असून त्याच्या पाठीवर पक्षी बसला आहे; असा वाघ आन्यांगच्या राजधानींत मिळत नाहीं. युन्नानमधील लीच्याशान येथील कांशाच्या चौरंगांत उभा बैल हाच चौरंग झाला आहे, त्याच्या शेपटीला वाघ झोंबला आहे, आणि पोटाखालीं लहान बैल शांत उभा आहे. चुंगशान राज्याच्या राजाच्या थडग्यांतला सोन्यारुप्यानें मढविलेला वाघ हरणाला गिळतो आहे. पण त्याच्या पाठीवरचीं खोबणीं पाहिलीं म्हणजे कळतें कीं, ती पडद्याची बैठक आहे. दरबारांतल्या पडद्याला पायथा हवा होता, कारागिरानें वाघाच्या बांकदार पाठींत तो शोधला, आणि उचललेल्या पंजाच्या जागीं हरणाचा पाय टेंकवून तोल साधला. त्या कारागिराच्या ह्या बुद्धीचें कौतुक करण्याऐवजीं 'बलाचा दुर्बलावर विजय' अशी चिठ्ठी लावणें म्हणजे त्याचा अपमानच होय.

हा केवळ पंडितांचा वाद असता, तर एवढा शब्दविस्तार आम्ही केला नसता. पण ह्यांत खरें नुकसान गुंतलेलें आहे. पॅरिसच्या त्या पात्राचा वाद कधींच कां मिटत नाहीं? तें कोणत्या खड्ड्यांतून निघालें, हें कोणीं लिहून ठेवलें नाहीं म्हणून. हुनान प्रांतांत मिळालें असें सांगतात; पण १९२० मध्यें संग्रहालयानें तें घेतलें, तेव्हां त्याच्या सोबतचीं भांडीं, हाडें, माती, दिशा, सर्व साक्षीदार नाहींसे झाले होते. फू हाओच्या कुऱ्हाडीवरचा वाघ बोलतो आणि पॅरिसचा वाघ मुका राहतो, याचें कारण कलेंत नाहीं; एकाला संशोधकाच्या खुरप्यानें वर काढलें आणि दुसऱ्याला व्यापाऱ्याच्या पहारीनें, एवढेंच. वस्तु परत मायदेशीं गेली म्हणजे ही हानि भरून येते असेंही नाहीं. १८६० मध्यें पेकिंगच्या उन्हाळी राजवाड्याच्या लुटींत एका इंग्रज अधिकाऱ्याला मिळालेलें, वाघांच्या आकृतींनीं सजविलेलें चौ काळचें एक पात्र २०१८ च्या एप्रिलमध्यें इंग्लंडांत ४,१०,००० पौंडांस विकलें गेलें, आणि घेणारानें तें चीनला दिल्यामुळें त्याच वर्षाअखेर पेकिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयांत दाखल झालें. न्याय झाला, आनंद आहे. पण राजवाड्यांत येण्यापूर्वीं तें जेथें पुरलेलें होतें, ती जागा आतां कोणताही दानशूर परत देऊं शकत नाहीं.

आणि येथेंच कोशवाल्यांचा दोष सर्वांत गंभीर ठरतो. वाघाचा अर्थ जर आधींच पुस्तकांत लिहिलेला असेल, तर उत्खननाची गरजच काय? जागा, सोबत, थर यांची किंमत शून्य होते, आणि चोरून आणलेल्या वस्तूला 'शौर्याचें व रक्षणाचें प्रतीक' अशी चिठ्ठी लावली कीं तिचें अज्ञात कुळ झांकून जातें. तयार अर्थ हा चोरट्या व्यापाराचा बिनपगारी दलाल आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोनें १९७० मध्यें आंतरराष्ट्रीय करार केला. पण जोंवर ग्राहकाचें समाधान चिठ्ठीनें होतें, तोंवर कराराचा धाक अर्धाच राहणार.

आमच्याकडील लेखकांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर दोन वाघांना दोन हातांनीं थोपवून धरणारा पुरुष आहे. हें चित्र आन्यांगच्या पात्राशेजारीं ठेवून 'पाहा, भारतांतून चीनला गेलेली कल्पना' असें म्हणण्याचा मोह अनावर होतो. पण सिंधुनगरांचा भरभराटीचा काळ आन्यांगच्या पूर्वीं निदान सातशें वर्षें संपलेला होता, आणि मुद्रेवरचा पुरुष वाघांना आवरतो आहे, तर पात्रावरचें डोकें त्यांच्या जबड्यांत आहे. साम्य म्हणजे नातें नव्हे. नातें सांगावयाचें तर वाटेवरचे मुक्काम दाखवावे लागतात. असें खरें काम झालेलेंही आहे: आन्ह्वेइ प्रांतांतील फूनान येथें १९५७ मध्यें निघालेल्या पात्रावर एक डोकें व दोन धडें असलेला वाघ आणि त्याच्याखालीं माणूस आहे; जवळजवळ तसेंच पात्र हजारावर किलोमीटर दूर, सछ्वानमधील सानशिंगद्वेइ येथें १९८६ मध्यें खड्ड्यांतून निघालें. येथें दोन्ही ठिकाणें ठाऊक आहेत, काळ जवळचे आहेत, आणि मध्यें यांगत्सेचा जलमार्ग आहे. म्हणून त्या संबंधाची चर्चा करण्यांत अर्थ आहे.

तेव्हां वाचकांनीं यापुढें चिनी वाघासमोर उभे राहिल्यावर 'याचा अर्थ काय' हा प्रश्न क्षणभर मागें ठेवावा आणि तीन प्रश्न आधीं विचारावे. हा कोठें सांपडला? त्याच्याबरोबर आणखी काय होतें? आणि जो अर्थ मला सांगितला जात आहे, तो वाघाच्या वेळचा कीं त्यानंतर हजार वर्षांनीं लिहिलेला? ह्या प्रश्नांचीं उत्तरें ज्या चिठ्ठीवर नाहींत, ती कितीही सुंदर अक्षरांत लिहिलेली असली तरी तिच्यावर विश्वास ठेवूं नये. तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या ओतकाऱ्यांनीं वाघाचा कान, नख व शेपटीचा बांक यांवर जी मेहनत घेतली, तिच्यापुढें आपण निदान एवढा संयम दाखविणें भाग आहे.